उपाशी गाडी

रविवारी सकाळी चहा झाला की आबा चपला घालून दाराशी उभे राहत. हातात गाडीची किल्ली आणि नजर माझ्यावर. मी पेपर खाली ठेवेपर्यंत तसेच उभे. मग आम्ही बापलेक खाली उतरायचो, बडोद्यातल्या अकोट्याच्या आमच्या सोसायटीतून निघून पंपावर जायचो, आणि आधीच पाऊण भरलेली टाकी काठोकाठ भरून परत यायचो.

"फुल करी दउं, साहेब?" पंपावरचा माणूस विचारायचा आणि हसू दाबायचा.

"काठापर्यंत," आबा सांगत. नळी आपोआप बंद पडली की खिडकीतून हात बाहेर काढत. "अजून थोडं. मावतंय."

"आबा, मावत नाहीये. वर वाफेला जागा ठेवावी लागते. जास्त भरलं तर गाडी खराब होते."

"उपाशी गाडी खराब होते. जेवलेली नाही."

मी वाघोडियाला एका केबलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह यांतच माझा दिवस जातो. टाकी किती भरावी हे मला अशा माणसाने शिकवावं, ज्याची सगळी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात टेबलाशी गेली, याचा मला किती वैताग यायचा ते सांगून समजणार नाही. मी त्यांना सगळं समजावून पाहिलं होतं. शहरात पावलोपावली पंप आहेत. अर्धी टाकी असली तरी आठवडा निघतो. एकदा तर आमच्या मेकॅनिकला, मयंकभाईला, मी मुद्दाम आबांच्या देखत विचारलं. तो म्हणाला, काठोकाठ भरायची काही गरज नाही, पण उन्हाळ्यात तळाशी जाऊ देऊ नका. आतला पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असतो म्हणून थंड राहतो, नाहीतर जळतो.

म्हणजे आबा निम्मे बरोबर निघाले. माझा संताप दुप्पट झाला.

कारण विचारलं तर एकच उत्तर. आमचे पणजोबा संस्थानच्या पागेत होते, तिथलं. "ठाणावर घोडा उपाशी बांधू नये. उपाशी घोडा कुणाच्याही हातचं खातो. आणि ज्याच्या हातचं खाल्लं, त्याचा होतो."

"आबा, ही गाडी आहे."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून ते काच वर करत.

मे महिन्यात आबा माझ्या बहिणीकडे, राजनंदिनीकडे, पुण्याला गेले. जाताना स्टेशनवर डब्याच्या दारातून त्यांनी शेवटचं वाक्य काय म्हणावं? "टाकी बघत जा रे." शेजारचे लोक हसले. मी गाडी हलेपर्यंत हात हलवला आणि मनाशी ठरवलं, आता हे येईपर्यंत पंपाचं तोंड बघायचं नाही. हट्टच होता तो. काटा खाली खाली जाताना मला बरं वाटत होतं. पिवळा दिवा लागला तेव्हा भक्ती म्हणाली, "समर, आता तरी भर." मी म्हटलं, दिवा लागल्यावरही गाडी पुष्कळ जाते. किती किलोमीटर, तो आकडा मला पाठ होता.

गाडी पुष्कळ गेली नाही. वाघोडियाहून परत येताना, हायवेच्या चौकाच्या, इथल्या भाषेत चोकडीच्या, बऱ्याच अलीकडे, तिने दोन गचके दिले आणि गप्प झाली. शिफ्ट सुटण्याआधी निघालो होतो, त्यामुळे ऊन अजून डोक्यावर होतं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, मध्ये वेड्या बाभळींची रांग. डांबर मऊ पडलं होतं. बुटाला चिकटून चर्र आवाज यायचा. दार उघडताना हात भाजला. माझ्या तोंडून आबांच्या नावाने एक शब्द निघाला, तो इथे सांगत नाही.

पुढे रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी होती. तिच्या कठड्यावर एक माणूस बसला होता. शेजारी पांढरा प्लास्टिकचा डबा. मी हात करण्याआधीच तो उठून चालत आला.

पन्नाशीचा असावा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, नुकती इस्त्री केलेला. चेहरा ओळखीचा वाटेल असा, पण कुणाचा ते सांगता येऊ नये असा.

"संपलं?" त्याने मराठीत विचारलं.

मला आश्चर्य वाटलं नाही. बडोद्यात मराठी माणूस मराठी माणसाला लांबून ओळखतो.

"संपलं. तुमच्याकडे पेट्रोल आहे का? पैसे देतो."

"पैसे राहू द्या," तो म्हणाला. मग थांबला आणि माझ्याकडे पाहत राहिला. "घालू का?"

"घाला ना."

"तुम्ही म्हणताय म्हणून घालतो हं."

मला ते बोलणं चमत्कारिक वाटलं, पण उन्हात कोण वाद घालणार? मी टाकीचं झाकण उघडलं. त्याने डबा तिरका केला तसा माझा हात डब्याला लागला. डबा गार होता. फ्रिजमधून काढल्यासारखा नव्हे. रात्रभर खिडकीत ठेवलेला माठ असतो तसा. आणखी एक गोष्ट, जी माझ्या धंद्यातल्या माणसाच्या लगेच लक्षात यावी. उन्हात पेट्रोल ओतताना डोळ्यांसमोर हवा थरथरते आणि वास नाकात भरतो. इथे हवा स्थिर होती. वास नव्हता. कसलाच.

गाडी मात्र पहिल्या झटक्यात सुरू झाली. आरशात पाहिलं तेव्हा तो पुन्हा कठड्यावर बसत होता.

दुसऱ्या दिवशी काटा अर्ध्याच्या जरा वर होता. एवढं पेट्रोल त्या डब्यात नव्हतं. आठवडाभर मी वाघोडियाला जाऊन येत राहिलो आणि काटा तिथेच. मयंकभाईने टाकीतला तरंगणारा भाग बदलला. काटा तिथेच. पंपावर भरायला गेलो तर नळी टाकताक्षणी बंद पडायची. एक थेंब आत जात नव्हता.

"फुल छे, साहेब," पंपावरचा म्हणाला. या वेळी त्याने हसू दाबलं नाही.

"अरे, अर्धी आहे! काटा बघ!"

"काटो खोटो हशे."

मयंकभाई म्हणाला काटा बरोबर आहे. दोघांच्या मध्ये माझं डोकं पिकलं. भक्तीला याची गंमत वाटत होती. "लोक भाव वाढले म्हणून रडतात. तुझी गाडी फुकट चालतेय तर तू चिडचिड करतोस. आबांवर गेलायस अगदी."

चिडचिड त्याची नव्हती. कारखान्याच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उभी राहून बाकीच्या गाड्यांच्या भट्ट्या व्हायच्या, आणि माझ्या गाडीचं दार उघडलं की आतून गारवा यायचा. एसी बंद, काचा बंद. माझे सहकारी दुपारी डबा खायला माझ्या गाडीत येऊन बसू लागले. "जन्नत छे," म्हणायचे. मी मात्र बाहेर उभा. कारण आत बसलं की त्यांच्या डब्यातल्या आमरसाचा, लोणच्याचा, कशाकशाचा वास येईनासा व्हायचा. एका संध्याकाळी भक्तीने मोगऱ्याचा गजरा माळला होता. गाडीत बसल्यावर तिने तो केसांतून काढून नाकाशी धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "फसवलं वाटतं फुलवाल्याने." घरी जिना चढताना तोच गजरा घमघमत होता. त्यानंतर ती सानवीला, आमच्या मुलीला, क्लासला रिक्षानेच पाठवू लागली.

आबा परत आले त्या सकाळी मी त्यांना स्टेशनवरून घेतलं. प्रवासाने थकले होते, पण पुण्याच्या गाड्यांबद्दल, राजनंदिनीचा नवरा म्हणे टाकी कधीच भरत नसल्याबद्दल, त्यांचं बोलणं स्टेशनच्या जिन्यापासून सुरू होतं. पुढच्या सीटवर बसून त्यांनी दार ओढलं आणि बोलता बोलता थांबले. खिशातून तपकिरीची डबी काढली. चिमूट नाकात ओढली. पुन्हा ओढली. शिंक आली नाही.

"कुणाकडून घेतलंस?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते समोर पाहत ऐकत होते.

"घाम आला होता का त्याला?"

मी आठवू लागलो. डोळ्यांसमोर तो इस्त्रीचा शर्ट आला. "नव्हता," मी म्हणालो. "कोण आहे तो, आबा?"

"मला काय माहीत? आमच्या वेळी बाई होती."

मी गाडी बाजूला घेतली. मागून हॉर्न वाजायला लागले.

माझ्या जन्माआधीची गोष्ट त्यांनी तेव्हा, सयाजीगंजच्या गर्दीत, हॉर्नच्या आवाजात सांगितली. मित्राची गाडी मागून घेऊन ते आणि आई पावागढला गेले होते. परतताना पेट्रोल संपलं. भर उन्हात एक बाई पत्र्याचा डबा घेऊन आली आणि घालू का म्हणाली. आबा हो म्हणणार होते. आईने त्यांचा दंड धरला. तिने त्या बाईचे पाय पाहिले होते. रस्ता धुळीने भरलेला आणि पायांना कणभर धूळ नाही. "तुझी आई म्हणाली, आपण ढकलू. दोघांनी ढकलली. ती बाई पाठीमागून येत होती. मग एक ट्रक मदतीला थांबला आणि ती मागे राहिली."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत!"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?"

खरं होतं. मी हसलो असतो.

मयंकभाईकडून टाकी पूर्ण रिकामी करून घेतली. पंपावर जाऊन नवीन पेट्रोल भरलं. नळी नेहमीसारखी चालली, पेट्रोलचा उग्र वास आला, आणि मी असा आनंदलो की भक्तीला फोन करून सांगितलं. दुसऱ्या सकाळी दार उघडलं. आत गारवा. काटा अर्ध्याच्या जरा वर.

मी चाकाला लाथ मारली. पाय दुखला तेवढंच.

"असं नाही जायचं ते," आबा गॅलरीतून म्हणाले. "जिथे घेतलं तिथे नेऊन रिकामी करायची. तो येईल. तू तुझ्या तोंडाने नको म्हणायचं. मग आपल्या बळावर ढकलून घराच्या दिशेला आणायची."

"सकाळी जाऊ. ऊन चढण्याआधी."

"तो दुपारी आला होता ना? मग दुपारी."

"मी मयंकभाईला घेऊन जातो. तुम्ही कशाला?"

"मयंकभाईच्या बापाने ढकललीय का कधी?"

वाद घालून मी थकलो. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाला मे महिन्याच्या उन्हात नेणं हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं, भक्तीने ते दहा प्रकारे सांगितलं, आणि आबा चपला घालून दाराशी उभे राहिले. पाण्याच्या बाटल्या, टोपी, ओला टॉवेल घेतला. एकदाचं हे प्रकरण मिटवायचं, घरात शांतता हवी, एवढाच माझा विचार होता.

रविवार असल्याने कारखाने बंद होते. रस्ता मोकळा. मोरीच्या कठड्यावर कुणी नव्हतं. मी इंजिन चालू ठेवून, गाडीखाली झोपून टाकीच्या तळाची नळी सोडवली. पेट्रोल जमिनीवर सांडत राहिलं. माती ओली झाली आणि बघता बघता कोरडी झाली. वास नाही. शेवटी गाडी दोन गचके देऊन बंद पडली. नळी पुन्हा बसवून मी बाहेर आलो, कपडे झटकले, वर पाहिलं.

तो कठड्यावर बसला होता. शेजारी डबा.

"संपलं?" जवळ येऊन त्याने विचारलं. तोच शर्ट, तीच इस्त्री. "घालू का?"

"नको," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला.

त्याने आबांकडे पाहिलं आणि ओळखीचं हसला. "बरं. मी आहे इथेच."

आम्ही ढकलायला लागलो. मी दार उघडं ठेवून एक हात स्टिअरिंगवर, आबा मागून. तो आमच्या मागे चालत होता. घाई नाही, रेंगाळणं नाही. मी मागे पाहिलं की तेवढ्याच अंतरावर. डब्यातलं पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज येत होता.

दोन मोटरसायकली गेल्या. मी ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"आबा, बास. सावलीत बसू."

"ढकल."

"तुमच्या अंगाची लाही झालीय. थांबा!"

"ढकल म्हणतो ना!"

मग गाडी अचानक जड झाली. मी मागे धावलो. आबा रस्त्यावर बसले होते, पाठ बंपरला टेकलेली. टोपी पडली होती. चेहरा आधी लाल होता तो आता राखेसारखा झाला होता, आणि अंगाला घाम नव्हता. उन्हात घाम थांबणं म्हणजे काय, हे मला कारखान्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

उरलेलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. एकशे आठला फोन लावला. पत्ता काय सांगणार? मोरी, बाभळी, शेतं. "गाडी नीकळे छे, थोडी वार लागशे," पलीकडची मुलगी म्हणाली. म्हणजे वेळ लागणार होता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. दोन्ही बाजूंना डांबर चकाकत होतं. काही येत नव्हतं.

आबांचे ओठ हलत होते. शब्द लागत नव्हते.

"आत बसवा त्यांना," तो म्हणाला. फार मायेने म्हणाला. "आत गार असेल. थोडंसंच घालतो."

मी पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

"घालू का?"

आबांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं तापलेल्या सळईसारखी होती. "नको," ते म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मग त्यांची मान कलली आणि बोटं सुटली.

"घाला," मी म्हणालो.

आबांना मी मागच्या सीटवर आडवं केलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सिग्नल, हॉर्न, काही आठवत नाही. चोकडी ओलांडतानाच आत गारवा भरायला लागला होता. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आणेपर्यंत आबा उठून बसले होते आणि शर्टाची गुंडी लावत होते.

डॉक्टरांनी तपासलं. रक्तदाब उत्तम, नाडी उत्तम. तापाची नोंद घेताना नर्सने तापमापक दोनदा झटकला, मग दुसरा आणला, आणि शेवटी कागदावर काही न लिहिता पुढच्या पेशंटकडे गेली. संध्याकाळी आम्ही घरी आलो.

आबांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं. ते टाकीबद्दल बोलत नाहीत. पंपाबद्दल, माझ्या गाडी चालवण्याबद्दल, भाजीत मीठ कमी असल्याबद्दल, कशाबद्दलच बोलत नाहीत. तपकिरीची डबी टेबलावर तशीच पडून आहे. गाडी मी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी लावून टाकलीय आणि कारखान्याच्या बसने जातो. भक्ती म्हणते, आबा किती निवळले बघ. मला चिडायला घरात कुणी उरलं नाही.

परवा दुपारी लाइट गेली. पूर्ण सोसायटीची गेली. पंखे थांबले, आणि जरा वेळात घराची भट्टी झाली. मी बनियन काढून पेपरने वारा घेत होतो. हॉलमध्ये आबा सतरंजीवर शांत आडवे झाले होते, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला. सानवी त्यांच्या पोटाला बिलगून झोपली होती. तिच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता.

स्वयंपाकघरातून भक्ती पदराने मान पुसत आली. "देवा, जीव जातोय."

सानवीने डोळे न उघडता हात लांब केला. "मम्मी, इकडे ये ना. आबा मस्त गार आहेत."

भक्ती हसली. सासऱ्यांसमोर ती अशी कधी बसली नव्हती, पण खरंच असह्य होत होतं. ती सतरंजीच्या कडेला टेकली, आबांच्या दंडाला नुसती पाठ लावली आणि तिने सुटकेचा श्वास सोडून डोळे मिटले.

आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं हसले.

"ये की तूही," ते म्हणाले. "जागा आहे."